सिस्टरांच्या बोलण्याची स्वच्छ प्रत

जून महिन्यातल्या एका सोमवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, एका निवृत्त परिचारिकेनं रहिमतपूरमधलं आपलं घर भाच्याला बक्षीस दिलं. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात दस्तावर तिच्या डाव्या हाताचा अंगठा उठला. दस्तासोबत वैद्यकीय दाखला होता. दाखल्याला दोन पानं जोडलेली होती. ती पानं मी टाइप केली होती.

त्या वेळी मी साताऱ्यात एका वाचाउपचार केंद्रासाठी काम करत होते. केंद्र सांगलीचं. तिथल्या मॅडम दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला येत आणि पोवई नाक्याजवळ औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत पेशंट बघत. मेंदूला झटका येऊन ज्यांची वाचा गेली, अशी ही माणसं. या विकाराला वाचाघात म्हणतात. या परिचारिकेला, म्हणजे आमच्या सिस्टरांना, होता त्या प्रकारात समोरच्याचं बोलणं कळतं, काय सांगायचं तेही ठाऊक असतं, फक्त शब्द हाताला लागत नाही.

मॅडम प्रत्येकाच्या बोलण्याचा नमुना रेकॉर्ड करत. चित्र दाखवून त्यात काय चाललंय ते सांगायला लावत, चहा कसा करतात ते विचारत, आजारपण कसं आलं ते विचारत. ते ऐकून कागदावर उतरवणं हे माझं काम. त्याआधी सतरा वर्षं मी एका दैनिकाच्या सातारा कार्यालयात बातम्या दुरुस्त करत होते. ते कार्यालय बंद झालं आणि मॅडमनी मला बोलावलं. त्यांना मराठी टायपिंग वेगानं करणारं आणि ऐकून लिहिताना चुकत नाही असं माणूस हवं होतं.

पहिल्या महिन्यात माझे कागद लाल होऊन परत येत. एक निवृत्त सुभेदार होते. त्यांना पत्नीचं नाव घेता येत नव्हतं, पण एक शिवी मात्र अखंड, स्पष्ट आणि दर दोन मिनिटांनी यायची. मी सवयीनं तिथं तीन फुल्या टाकल्या. मॅडमनी फुल्या खोडून समासात लिहिलं, ‘पूर्ण लिहा. त्यांचं एवढंच वाक्य शाबूत आहे.’

नियम थोडे होते. ऐकू येईल ते लिहायचं. ‘हाय’ला ‘आहे’ करायचं नाही, ते गावचं बोलणं आहे, आजार नव्हे. अडखळणं लिहायचं. थांबले तर किती सेकंद थांबले ते गोल कंसात. आणि सूचना चौकोनी कंसात. सूचना म्हणजे पेशंट अडला की समोरच्यानं शब्दाचं पहिलं अक्षर उच्चारून द्यायचं. ‘पा’ म्हटलं की त्याला ‘पाणी’ सापडतं. बंद दार बाहेरून थोडं ढकलून द्यावं तसं. मॅडम म्हणत, चौकोनी कंस सगळ्यांत महत्त्वाचा. पेशंटचं स्वतःचं किती आणि आपलं किती, ते त्यावरून कळतं.

पेपरात याच्या उलट रीत होती. आम्ही मुलाखत घ्यायचो आणि छापताना आपले प्रश्न काढून टाकायचो. समोरचा माणूस सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वतःच बोलतोय असा मजकूर करायचा आणि खाली लिहायचं, शब्दांकन अमुक अमुक. चांगलं शब्दांकन म्हणजे बातमीदार कुठंच दिसता कामा नये. मला ते बरं जमायचं.

सिस्टर आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात पहिल्यांदा आल्या. सत्तरीच्या आसपास वय, उजवा हात पोटाशी धरलेला, पांढऱ्या साडीला इस्त्री. रहिमतपूरच्या भोवतालच्या गावांतून त्यांनी आरोग्य केंद्राची नोकरी केली होती. मूलबाळ नाही. नवरा लवकर गेला. नोकरीत असतानाच स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. गाव त्यांना सिस्टर म्हणे, म्हणून आम्हीही सिस्टर म्हणू लागलो.

सोबत भाचा होता. सिस्टरांचं माहेर विट्याचं. तिकडच्या पुष्कळ घरांतल्यासारखा हाही सोनं गाळण्याच्या धंद्यात, वीस वर्षं कोईमतुरात दुकान. आत्त्याला झटका आला तेव्हा दुकान धाकट्या भावाकडं देऊन तो रहिमतपूरला येऊन राहिला. तिला अंघोळीला बसवणं, वेणी घालणं, औषधं, सगळं तोच करत होता. वेणी सुरुवातीला वाकडी असे, दिवाळीपर्यंत सरळ झाली. पेशंटसोबत येणारे लोक दुसऱ्या खोलीत मोबाइल बघत बसतात. हा मॅडमच्या शेजारी स्टूल ओढून बसायचा आणि सगळं वहीत लिहून घ्यायचा.

सिस्टरांच्या पहिल्या नमुन्यात चहा होता. मॅडमनी विचारलं, चहा कसा करता? सिस्टर म्हणाल्या, “पाणी... (५ से.) पाणी... उकळ... सिरिंज... सुई...”

भाचा म्हणाला, “आत्त्या, च्या प्यायला आलेल्या माणसाला सुई टोचतीस व्हय?”

सिस्टर हसल्या. डाव्या हातानं त्याच्या मांडीवर फटका मारला. मग एकदम न अडखळता म्हणाल्या, “श्वास घ्या, सोडा. झालं.” हजारो वेळा म्हटलेली वाक्यं अशी आपोआप येतात. मी फटक्याची नोंद कंसात केली.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी त्यांना विचारलं की सगळ्यांत आधी कोणतं वाक्य बोलता यायला हवंय. हे त्या प्रत्येकाला विचारत. कुणी नातवाचं नाव निवडतं, कुणी ‘दुखतंय’. सिस्टरांसमोर चित्रं ठेवली. त्यांनी घरावर बोट ठेवलं. घरी जायचंय? मान आडवी. घर विकायचंय? मान जोरात आडवी. घरातच राहायचंय? सिस्टरांनी मान वर खाली केली आणि बोट चित्रावरून उचललंच नाही.

मॅडमनी वाक्य ठरवलं. मी माझ्या घरात राहणार.

आठ गुरुवार ते वाक्य चाललं. घरी रोज भाचा घ्यायचा. सुरुवातीला प्रत्येक शब्दाला अक्षर द्यावं लागे. मी उतरवलेलं असं आहे: ‘[मी] मी (३ से.) [मा] माझ्या [घ] घरात (७ से.) [रा] राहणार.’ पुढं दोन कंस कमी झाले. भाचा हसून म्हणाला, “आत्त्या, तुला कोन काढतंय गं घरातनं?” सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. किती सेकंद ते मी लिहिलेलं आहे. चार.

मार्चमध्ये भाच्यानं मला बाजूला बोलावलं. मॅडम आत दुसऱ्या पेशंटबरोबर होत्या. त्याच्या हातात मी उतरवलेल्या नमुन्याची झेरॉक्स होती. सरावासाठी घरच्यांना ती दिली जाई.

“ताई, एक काम हुतं. ह्ये कंसबिंस आमाला न्हाई कळत. वाचाय गेलं की डोकं गरगरतं. आत्त्या काय बोलली तेवढंच सुटसुटीत लिवून द्याल का? मोठ्या अक्षरात. भिंतीला चिकटवतो. ती वाचंल, तिलाबी बरं वाटंल.”

“मॅडमना विचारते.”

“विचारा की. पर त्यात काय विचारायचं? तिचंच बोलणं हाय.”

मी विचारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी अर्ध्या तासात दोन पानं तयार केली. मॅडमचे प्रश्न काढले, सेकंद काढले, चौकोनी कंस काढले. अडखळलेले शब्द एकदाच ठेवले. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा राहिली तिथं विभक्ती आणि क्रियापद घातलं. ते असं झालं: ‘मी रहिमतपूरला राहते. मी दवाखान्यात नोकरी केली. होळीच्या दिवशी मला झटका आला. भाचा मला सांभाळतो. तो विट्याचा आहे.’ असं दोन पानं. वर मथळा दिला, ‘मी माझ्या घरात राहणार’. प्रिंटरमध्ये केंद्राचं नाव छापलेले कागद होते. ते काढून साधे घालायला हवे होते. घातले नाहीत.

पुढच्या गुरुवारी पानं दिली. भाच्यानं वाचली. सिस्टरांना दाखवली. सिस्टरांनी बोटानं ओळ न् ओळ वाचली आणि माझा हात धरला.

“लय उपकार झालं, ताई,” भाचा म्हणाला. “पेपरवाल्या मानसाचा हातच येगळा.”

मला बरं वाटलं, हेही इथं नोंदवायला हवं.

मेअखेर सिस्टरांचं येणं बंद झालं. भाच्यानं एकदा कळवलं की गाडी गॅरेजला आहे. नंतर फोन उचलला नाही. उन्हाळ्यात लोक खाडे करतात. मॅडमनी वहीत सलग चार गुरुवार गैरहजेरी लावली.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी सिस्टर एसटीनं आल्या. सोबत शेजारीण होती. पन्नाशीची, शेतावरून थेट आल्यासारखी, हातात कापडी पिशवी. तिनं सिस्टरांना खुर्चीत बसवलं, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि उभीच राहिली.

“बसा ना,” मॅडम म्हणाल्या.

“बसत न्हाई. एवढं बघा आदी.” तिनं पिशवीतून कागद काढले. दस्ताची झेरॉक्स होती. “घर भाच्याच्या नावावर झालंय. सिस्टरनी दिलंय म्हनं. आवं, ज्या बाईला मीठ मागता येत न्हाई ती घर कशी दील? मी त्याला इचारलं. तर म्हनला, सातारच्या ताईंनीच लिवून दिलंय. तुमीच का त्या ताई?”

मी हो म्हटलं.

“मग शाबास तुमची.”

दस्त सहा पानी होता. मी बातमी वाचावी तसा वाचला, आधी शेवट, मग सुरुवात. घराचं वर्णन, चतुःसीमा. देणाऱ्या व्यक्तीनं नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय. ताबा आजच दिला. सिस्टरांनी त्या घरात हयातभर राहायचं, असं कलम कुठंही नव्हतं. मग दाखला: ‘तपासले असता प्रश्न समजून सुसंगत उत्तरे देतात. सोबत वाचाउपचार केंद्राची प्रत.’ मग माझी दोन पानं, मथळ्यासकट.

मॅडमनी ती पानं पहिल्यांदाच पाहिली. दोन्ही वाचली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “कंस कुठं आहेत?”

“काढले.”

“कुणी सांगितलं?”

“भाच्यानं.”

त्यांनी पानं टेबलावर ठेवली. सिस्टर पुढं झुकल्या. डाव्या हाताचं बोट मथळ्यावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तोंड हलत होतं. मॅडमचे ओठ सवयीनं अक्षर द्यायला उघडले, आणि त्यांनी ते मिटले.

“तू,” सिस्टर म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. खाली रिक्षा लावण्यावरून दोघांचं भांडण चाललं होतं, ते ऐकू येत होतं. “तू... लिव... लिवलंस.”

दहा महिन्यांत कुणाच्याही अक्षराशिवाय त्यांनी जुळवलेलं हे पहिलं वाक्य. पेशंटनं असं वाक्य म्हटलं की मॅडम टेबलावर थाप मारून शाबासकी देत. त्या दिवशी त्यांनी मारली नाही. रेकॉर्डर बंद होता. केंद्राच्या दफ्तरी या वाक्याची नोंद नाही.

दाखला देणारे डॉक्टर त्याच तालुक्यातले. दोन दिवसांनी मी आणि मॅडम त्यांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी आम्हाला लगेच आत घेतलं, चहा सांगितला. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं.

“मी स्वतः प्रश्न विचारले,” ते म्हणाले. “नाव काय, कुठं राहता, घर कुणाला देणार. उत्तरं आली.”

“भाचा शेजारी होता?” मॅडमनी विचारलं.

“होता. तो सुरुवात करून देत होता. म्हणाला, साताऱ्याला मॅडम असंच करतात, ही उपचाराची पद्धत आहे. नाही का?”

“आहे.”

“घर कुणाला, विचारल्यावर तो ‘भा’ म्हणाला. त्या ‘भाच्याला’ म्हणाल्या.”

“त्यांनी मान हलवली का? आडवी?”

डॉक्टरांनी आठवायचा प्रयत्न केला. “मी लिहीत होतो,” ते म्हणाले. मग माझी पानं हातात घेतली. “पण हे बघा ना. इतकी स्पष्ट वाक्यं आहेत. मी माझ्या घरात राहणार. ज्या बाईला एवढं सांगता येतं, तिला कळत नाही असं मी कसं म्हणू?”

परत येताना गाडीत मॅडम म्हणाल्या की त्यांना कळतं, सगळं कळतं, तोच तर प्रश्न आहे. अडलेल्या माणसाला ‘भा’ दिलं की तोंडातून ‘भाच्याला’ बाहेर पडतं. ते त्याला थोपवता येत नाही. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते मात्र ऐकू येतं.

भाच्याला मी वेगळ्या नंबरवरून फोन केला. त्यानं उचलला, आवाज ओळखला, ठेवला नाही.

“ताई, मी काय चोरी केली का? तुमच्याकडंच शिकलो की. पैलं अक्षर द्यायाचं, म्होरलं ती म्हनती. ती न्हाई म्हनली असती तर मी थांबलो असतो.”

“‘न्हाई’चं पहिलं अक्षर दिलंत का?”

मागं कुकरची शिट्टी झाली.

“घर कुनाला जानार हुतं? मलाच. कोईमतूरचं दुकान सोडून आलो, वरीसभर तिचं हगलंमुतलं काडलं, तवा कोन आलं न्हाई. आता समद्यांना आत्त्या दिसाय लागली. आन् मथळा तुमीच दिलाय, मी माज्या घरात राहनार. राहील की. मी कुठं काडतोय?”

“मग दस्तात तसं का घातलं नाही?”

“त्ये वकिलानं केलंय,” तो म्हणाला. “तुमी ठेवा आता.”

ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, असं शेजारणीच्या ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं. बक्षीसपत्र रद्द करून घर परत मिळावं, असा अर्ज झाला. शेजारणीनं सिस्टरांना त्यांच्याच घरातल्या पलंगावर बसवून अर्जाचा मसुदा वाचून दाखवला, दोनदा. मग अंगठा घेतला. भाचा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होता. त्यानं आवाज वाढवला, एवढंच.

अर्जासोबत काय जोडायचं हे मला ठाऊक होतं. मूळ नमुना. सेकंद, कंस, सगळं असलेला. तो एक कागद माझ्या दोन पानांशेजारी ठेवला असता तर कुणालाही फरक दिसला असता. मी मॅडमना सांगलीला फोन केला.

“देता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “संमतीपत्रात लिहिलंय, नमुने केंद्राबाहेर वापरले जाणार नाहीत. वरून नकार आलाय.”

“सराव प्रत तर घरी दिली होती. भाच्याकडे आहे.”

“भाचा ती देईल का?”

“मग सिस्टरांची नव्यानं संमती घेऊ.”

“घेतली असती. पण विचार करा. त्यांची आजची संमती आपण खरी धरली, तर समोरचा वकील विचारेल की मग जूनमधली खोटी कशी. आणि ती खरी धरायची नसेल, तर ही घ्यायची कशी?”

मी त्यांचं वाक्य शब्दशः कागदावर उतरवून घेतलं.

“आणखी एक,” मॅडम म्हणाल्या. “केंद्राच्या कागदावर केंद्राला न विचारता मजकूर छापला गेलाय. तुमचं काम या महिन्यापासून थांबवायचं ठरलंय. मी काही बोलू शकले नाही.”

“बोलायचा प्रयत्न केलात?”

“नाही,” त्या म्हणाल्या.

माझ्याकडच्या रेकॉर्डिंगची आणि नमुन्यांची फाइल त्याच आठवड्यात सांगलीहून आलेल्या शिपायानं नेली. पोच दिली. ती माझ्याकडे आहे.

सप्टेंबरमध्ये सुनावणी झाली. मॅडम रजा काढून आल्या, केंद्राच्या वतीनं नाही, स्वतः. प्रांतसाहेबांनी त्यांना सिस्टरांशेजारी बसू दिलं, पण एक अट घातली. अक्षर द्यायचं नाही. एकदा अक्षर दिल्यानं हे प्रकरण उभं राहिलं आहे, दुसऱ्यांदा नको. अट रास्त होती. भाचा समोरच्या बाजूला, स्वच्छ शर्टात. सिस्टर आल्या तेव्हा तो उठला आणि त्यांची खुर्ची सरकवून दिली.

आधी मला बोलावलं. मी सांगितलं की पानं माझी आहेत, आणि त्यातली वाक्यं सिस्टरांनी तशी म्हटलेली नाहीत.

भाच्याच्या वकिलांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही खोटा मजकूर तयार केला?”

“शब्दांकन केलं.”

“ते काय असतं?” प्रांतसाहेबांनी विचारलं.

मी समजावलं. प्रश्न काढायचे, अडखळणं काढायचं, सलग करायचं. पेपरात सगळेच करतात.

“शब्द कुणाचे?” वकिलांनी विचारलं.

“त्यांचे.”

“वाक्यं?”

“माझी.”

“आणि मथळा? मी माझ्या घरात राहणार. हे त्या म्हणाल्या होत्या की नव्हत्या?”

“म्हणाल्या होत्या.”

“स्पष्ट?”

“सरावानंतर. अक्षर देऊन.”

“त्या अक्षर दिल्याचा पुरावा?”

तो सांगलीला कपाटात होता. मी तसं सांगितलं. वकिलांनी मान डोलावली आणि बसले.

मग प्रांतसाहेब सिस्टरांकडे वळले. चांगले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. “आजी, घर तुम्ही तुमच्या मनानं दिलं का?”

सिस्टरांनी मान आडवी हलवली. दोनदा. प्रांतसाहेब त्या वेळी कारकुनाला प्रश्न लिहायला सांगत होते. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “तोंडानं सांगता येईल का? वेळ घ्या.”

सिस्टरांनी वेळ घेतला. माझ्याकडे घड्याळ होतं. पहिल्या वीस सेकंदांनंतर ‘मी’ आलं. त्यानंतर ओठ मिटून उघडत राहिले. मॅडमनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. शेजारीण दारात उभी होती, ती तोंडातल्या तोंडात ‘मा, मा’ करत होती. शिपायानं तिला गप्प राहायला सांगितलं. एक मिनिट दहा सेकंदांनी प्रांतसाहेब म्हणाले, “असू द्या, आजी.” बाहेर बरीच प्रकरणं थांबली होती.

कारकुनानं टाइप केलं, ‘अर्जदार यांनी प्रश्नाचे उत्तर दिले नाही.’

मी उठून म्हटलं की त्यांनी मान हलवली, त्याची नोंद व्हावी. वकिलांनी हरकत घेतली नाही. प्रांतसाहेबांनी कारकुनाला खूण केली. त्यानं पुढं जोडलं, ‘मान हलवली.’ कोणत्या बाजूला, ते त्यात आलं नाही. मी पुन्हा उठले. साहेब पुढच्या फाइलकडे वळले होते.

निकाल राखून ठेवण्यात आला.

ऑक्टोबरात शेजारणीचा फोन आला. घराला नवीन कुलूप आहे, भाचा विट्याला गेलाय, सिस्टर कुठं आहेत ते सांगत नाही. मी मॅडमना कळवलं. मॅडमनी सांगलीतल्या आणि मिरजेतल्या ओळखीच्या ठिकाणी चौकशी केली. तिसऱ्या दिवशी पत्ता लागला. सांगलीपासून आठ किलोमीटरवर, मिरज रस्त्यापासून आत, एक खासगी वृद्धाश्रम.

मी एकटी गेले. व्यवस्थापकांनी नोंदवही दाखवली, भेटायची परवानगी दिली नाही. भेटणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. यादीत एकच नाव होतं.

नोंदवहीत प्रवेशाची तारीख सुनावणीनंतर नवव्या दिवसाची आहे. खोली तळमजल्यावर, तीन जणींत. ‘रहिवाशाची प्रवेशास संमती’ या रकान्यात लिहिलं आहे, ‘तोंडी, होय’. खाली डाव्या हाताचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून भाच्याची सही आहे.

अर्जावरचा निकाल अजून लागलेला नाही.